शेजारच्या सीटचा ब्रेक

ब्रेकमास्तरांना कॅन्सर झाल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला तो याचा, की तो समोरून आला नव्हता. समोरून येणाऱ्या कशालाही मास्तर कधी भ्यायले नाहीत. शिकाऊ मंडळी त्यांना घेऊन भिंतीवर चालून गेली, विजेच्या खांबावर गेली, एकदा तर थेट पोलीस चौकीच्या पायरीवर चढायला निघाली, आणि दर वेळी अगदी वीतभर अंतर उरलेलं असताना मास्तरांचा पाय खाली गेला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरांच्या मते शिकणाऱ्याचा ब्रेक त्याच्या मनाच्या समाधानासाठी असतो आणि शिकवणाऱ्याचा गाडी थांबवण्यासाठी. त्यांचं खरं नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते ब्रेकमास्तर.

आणि हा आजार मात्र आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातून आला. तोही कुठे, तर प्रोस्टेटला. ज्या अवयवाचा पत्ता मास्तरांना म्हातारपणापर्यंत नीटसा ठाऊक नव्हता, त्याचे फोटो आता परकी माणसं पडद्यावर मोठे करकरून बघत होती आणि 'हं' म्हणत होती.

बातमी फुटल्यावर सल्ल्यांचा पूर आला. शेजाऱ्यानं उशीखाली ठेवायला चुंबक आणून दिलं. मावसभावानं उपाशीपोटी प्यायला कसल्याशा पाल्याचा रस सांगितला. ज्यांना काहीच सुचलं नाही ते 'पॉझिटिव्ह राहा' असं बजावून आणि चहा पिऊन गेले. मास्तर प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "लायसन्स आहे का तुमच्याकडे, हे सांगायचं?"

घरात ते आणि त्यांची लेक, दोघंच. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची, आणि रोज हॉस्पिटलमध्ये नेण्या-आणण्याचं काम तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. खरी अडचण इथेच होती. तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे ब्रेक नव्हता.

तरीही मास्तर तो दाबत. सिग्नल दिसला की दाबत, सायकलवाला दिसला की दाबत, रस्ता मोकळा दिसला तर तो इतका मोकळा का आहे या संशयानं दाबत. पायाखालचं रबरी पायपुसणं एका जागी चक्क पातळ झालं होतं.

"बाबा, तिथे ब्रेक नाहीये," लेक म्हणायची.

"असायला हवा होता."

"उद्यापासून टॅक्सी करून देऊ का?"

"टॅक्सीवाल्याला कोणी शिकवलंय ते आधी विचार. मी शिकवलं असेल तर बसेन."

हा टोमणा होता आणि तो लागायचाही. अर्ध्या शहराला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या लेकीनं गाडी शिकली होती ती दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. आधी ती मास्तरांकडेच बसली होती, पण त्यांनी तिला फाटकातून बाहेर पडेपर्यंत इतके ब्रेक मारले की बाहेर पडायच्या आधीच तिनं चावी त्यांच्या हातात ठेवली. पुढे एका दुपारी कपाट आवरताना त्यांना तिचं लायसन्स दिसलं. पहिल्याच परीक्षेत पास. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी ते होतं तिथे ठेवून दिलं आणि कपाटाचं दार आपटलं.

रेडिएशनच्या पहिल्याच दिवशी पायानं आपले गुण उधळले.

पद्धत अशी होती: येण्याआधी भरपूर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की ते किरणांच्या वाटेतून बाजूला राहतं. मग टेबलावर उताणं झोपायचं. टेक्निशियन पोरगी कमरेवरच्या खुणा उजेडाच्या रेघांशी जुळवणार, 'काका, आता अजिबात हलायचं नाही' असं सांगणार आणि जाड दरवाजा लावून पळून जाणार. मास्तरांना हे पळून जाणं पहिल्यापासूनच आवडलं नव्हतं. इतकं निरुपद्रवी आहे म्हणता, तर बसा ना शेजारी.

मग यंत्राचं भलंमोठं डोकं त्यांच्याभोवती फिरू लागलं. वरून हळूच बाजूला सरकलं आणि बाजूनं अंगावर आल्यासारखं खाली उतरायला लागलं. मास्तरांनी कोणताही विचार केला नाही. पायानं केला. पाय सटकन खाली गेला, त्याच्याबरोबर कंबर गेली, खुणा गेल्या आणि यंत्र थांबलं.

"काका, हललात," छतातला स्पीकर म्हणाला.

"ते अंगावर येत होतं!"

"ते अंगावरच यायला हवं, काका."

पुन्हा दरवाजा उघडला, पुन्हा रेघा जुळवल्या, पुन्हा ती पळाली, पुन्हा पाय गेला. एवढ्या वेळात प्यायलेलं पाणी आपली आठवण करून द्यायला लागलं होतं. शेवटी सगळं अर्धवट टाकून मास्तरांना शौचालयाकडे धावावं लागलं, आणि परत आल्यावर पुन्हा पाणी पिण्यापासून श्रीगणेशा.

दुसऱ्या दिवशी पाय स्थिर राहावेत म्हणून तळव्यांना टेकायला एक फोमचा ठोकळा लावला गेला. ज्यानं ही कल्पना काढली त्यानं मास्तरांना विचारायला हवं होतं. आदल्या दिवशी पाय हवेत दाबत होता. आता त्याला पेडल मिळालं. मास्तरांनी असा काही ब्रेक मारला की ते टेबलावर टाळूच्या दिशेनं पंजाभर वर सरकले. पट्टा बांधला तर पाय पट्ट्याशी भांडायचा. कंबर हलायची ती हलायचीच.

काही दिवस असे गेले. कधी उपचार पूर्ण व्हायचा, कधी रेंगाळायचा, कधी उद्यावर जायचा. मग डॉक्टरांनी बाप-लेकीला बोलावून समोर बसवलं. डॉक्टर हळू आवाजात बोलणाऱ्यांपैकी होते.

"गाठ लहान आहे, ही चांगली गोष्ट आहे," ते म्हणाले. "पण किरण जिथे पडायला हवेत तिथेच पडले पाहिजेत, आणि रोजच्या रोज पडले पाहिजेत. तुम्ही असेच हलत राहिलात तर आपल्याला हा मार्ग सोडावा लागेल. रोज गुंगी देणं तुमच्या हृदयाला झेपणार नाही. ऑपरेशनही नाही झेपणार."

"मग काय उरतं?" लेकीनं विचारलं.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि ते सरळ करून परत ठेवलं. मास्तरांना उत्तर कळलं. त्यांना खूप भीती वाटली. पण लेकीसमोर घाबरायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते म्हणाले, "यंत्राला हॉर्न बसवा. मग नाही दचकणार मी."

डॉक्टर म्हणाले, "वर विसावा कक्ष आहे. तिथे स्वयंसेवक येतात. ऊर्जा-उपचार म्हणतात त्याला. आजारावर त्याचा काही परिणाम होतो असं मी म्हणणार नाही. पण काही पेशंटना त्यानं सैल व्हायला मदत होते. रेडिएशनच्या आधी अर्धा तास जाऊन बघा."

"ऊर्जा-उपचार," मास्तर म्हणाले. अंगात भूत शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. एवढी वर्षं शिकून, भिंतभर प्रमाणपत्रं लावून, शेवटी चुंबकवाल्या शेजाऱ्याच्या पंगतीला येऊन बसले!

"जाणार आहेत ते," लेक म्हणाली.

विसावा कक्ष म्हणजे पूर्वीची व्हीलचेअर ठेवायची खोली. भिंतींवर चाकं घासल्याचे काळे पट्टे तसेच होते. फक्त त्यांच्यावर आता सूर्योदयाचं पोस्टर आलं होतं. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, मध्ये तपासणीचं टेबल, त्याच्या पायथ्याशी एक स्टूल आणि खिडकीत एक छोटा स्पीकर. स्पीकरमधून झरा वाहत होता.

ऊर्जा देणाऱ्या बाई मास्तरांच्याच आसपासच्या वयाच्या होत्या. अंगावर साधे सुती कपडे, गळ्यात चष्म्याची साखळी, चेहऱ्यावर सरकारी कचेरीत उमेदीची वर्षं घालवल्याची खूण. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांना 'ऊर्जाबाई' करून टाकलं.

"झोपा," बाई म्हणाल्या. "डोळे मिटा. मी हात लावणार नाही, फक्त वर धरणार. आणि आधीच सांगते, यानं आजार बरा होत नाही. ते काम खालच्या मशीनचं. इथे फक्त जरा सैल व्हायचं."

"कुठे शिकलात?"

"शिबिर होतं. शनिवार-रविवार."

"दोन दिवसांत?" मास्तर उठून बसले. "अहो, दोन दिवसांत मी माणसाला स्टिअरिंगला हात लावू देत नाही."

"इथे स्टिअरिंग नाहीये. झोपा."

मास्तर झोपले. पण डोळे पूर्ण मिटणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं, म्हणून एक किलकिला ठेवून ते बाईंच्या हातांवर नजर ठेवून राहिले. बाईंचे हात त्यांच्या डोक्यावर, मग छातीवर, मग पोटावर वीतभर उंचीवर फिरत होते. गाडी पार्क करताना मागचा माणूस 'या, या, अजून या' करतो, अगदी तसे.

"किती गेली ते कसं कळतं?" मास्तरांनी विचारलं.

"काय किती गेली?"

"ऊर्जा. काही काटा वगैरे असेल ना. टाकी अर्धी झाली, पाऊण झाली."

"नाही कळत," बाई म्हणाल्या. "गप्प पडा."

"पायांना गरम वाटतंय खरं."

बाईंचा चेहरा खुलला. "वाटतंय ना?"

"हो. तुमच्या मागे हीटर आहे."

बाईंनी ओठ मिटून हात पुढे सरकवले. झरा मात्र बोलत होता. तो खळखळत होता, दगडांवरून उड्या मारत होता, मध्येच थेंबथेंब ठिबकत होता. मास्तर तासाभरापूर्वी डॉक्टरांच्या हुकमानं बाटलीभर पाणी पिऊन आले होते. कपाळावर घाम जमला.

"बाई," ते दात दाबून म्हणाले, "तो झरा बंद करा. नाहीतर इथे दुसरा सुरू होईल."

बाईंनी झटकन स्पीकर बंद केला, पाठ फिरवली आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत राहिले. माणूस बरा दिसतोय, असं मास्तरांना पहिल्यांदा वाटलं. पण खाली गेल्यावर पाय गेला तो गेलाच. यंत्र थांबलं आणि टेक्निशियन पोरीनं स्पीकरवर सोडलेला निःश्वास सगळ्या खोलीभर ऐकू आला.

गाडीत लेकीनं विचारलं, "कसं होतं?"

"छान. एका बाईनं मला अर्धा तास पार्क केलं."

"बाबा, जरा मनापासून घ्या ना."

"मनापासूनच घेतोय. सायकलवाला बघ!" पाय पायपुसण्यावर आदळला.

लेकीनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. हात स्टिअरिंगवरच होते. "मला तो सायकलवाला दिसला होता," ती म्हणाली. "तुमच्याआधी दिसला होता. तुम्हाला काय वाटतं, मी तुम्हाला घेऊन कशावर तरी आदळणार आहे? रोज मी तुम्हाला तिथे नेते, बाहेर बसते, आणि आतून ती पोरगी येऊन सांगते की आज पण नाही झालं. मला काय वाटत असेल?" मास्तरांना खूप काही म्हणायचं होतं. त्यांनी इंडिकेटर चालू राहिला आहे हे तिच्या लक्षात आणून दिलं. तिनं तो खाडकन बंद केला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

त्यानंतर दोन-तीनदा मास्तर वर जाऊन आले. ऊर्जेचा त्यांच्यावर चढायचा काही विचार दिसत नव्हता, पण दुसरा मार्गही नव्हता. त्या दिवशी मात्र बाईंचा चेहराच उतरलेला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांचा एक भाग विंचरायचा राहून गेलेला.

"घरी नातीला दात येताहेत," त्या म्हणाल्या. "मुलगा-सून दोघं कामाला जातात. रडू लागली की मी उठते. झोपा तुम्ही."

"मला काय, मी झोपतोच. तुमचं बघा."

बाईंनी आज डोक्यापासून सुरुवात केली नाही. स्टुलावर बसून पायांवरच हात धरले, कारण उभं राहायचं त्राण नव्हतं. पण तसं कबूल न करता 'आज पायांवर काम करू' असं म्हणाल्या. मास्तरांनी नेहमीप्रमाणे एक डोळा किलकिला ठेवला. हीटर घरघरत होता. झरा बंद होता. मग मास्तरांना काहीतरी वेगळं जाणवलं. पायावर वजन आलं होतं.

त्यांनी मान किंचित उचलून पाहिलं. बाईंचा एक हात हळूहळू खाली येऊन त्यांच्या पावलावर टेकला होता. नेमक्या त्या पावलावर, ब्रेकच्या. मान छातीवर पडली होती. तोंड थोडं उघडं. ऊर्जाबाई गाढ झोपल्या होत्या.

मास्तरांना आधी हसूच आलं. लेकीला सांगायला काय किस्सा मिळाला! ऊर्जा देणारीचीच टाकी रिकामी. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी आयुष्यात किती डुलक्या पकडल्या होत्या, आणि पकडली की नियम एकच: ब्रेक, मग आवाज, मग गाडीतून खाली उतरवून चार पावलं चालायला लावणं. ते तोंड उघडणार इतक्यात बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी ट्रॉली आदळली आणि सवयीनं त्यांचा पाय दाबायला निघाला.

तो अर्ध्यात थांबला. दाबला असता तर त्या जाग्या झाल्या असत्या.

पायावर झोपलेल्या माणसाचं वजन फार काही नसतं, पण ते वेगळंच असतं. कोणाची तरी झोप आपल्या पायावर अवलंबून असणं मास्तरांना ओळखीचं वाटलं. कुठलं ते आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. लेक तान्ही असताना घरात झोपायचीच नाही. गाडीत घातली की झोपायची आणि गाडी थांबली की जागी व्हायची. मग मास्तर दिवसभर शिकाऊ लोकांना शिव्या घालून घरी यायचे, पोरीला आईच्या मांडीवर बसवून बाहेर काढायचे, ती झोपली की घरासमोर यायचे आणि थांबायचेच नाहीत. पाण्याच्या टाकीला वळसा घालून आणखी एक फेरी. मग आणखी एक. गतिरोधक असे घ्यायचे की पेट्रोललाही कळू नये. बायको हे पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "जगात एकच बाई आहे जिच्यासाठी यांनी ब्रेक मारला नाही," असं म्हणून हसायची आणि लेक लाजून आत पळायची.

मास्तरांनी मान पुन्हा खाली टेकवली. पाय हलवायचा नव्हता. म्हणून पोटरी सैल सोडावी लागली. पोटरी सोडली तर मांडी धरून ठेवण्यात अर्थ उरला नाही. मांडी गेली तशी कंबर गेली, खांदे गेले, आणि दुसरा डोळा कधी मिटला ते त्यांना कळलंच नाही. इतके दिवस सगळे जण त्यांना सांगत होते की स्वतःसाठी हलू नका. स्वतःसाठी त्यांना ते काही केल्या जमत नव्हतं.

टेक्निशियन पोरगी बोलवायला आली, तर मास्तरांनी डोळे उघडून ओठांवर बोट ठेवलं. ती दारातच थबकली. पण दाराचा आवाज झाला होता. बाई दचकून उठल्या, हातानं तोंड पुसलं, चष्मा चाचपला आणि लाल झाल्या.

"अगं बाई! किती वेळ... मास्तर, कोणाला सांगू नका हं."

"काय सांगायचं?" मास्तर टेबलावरून उतरत म्हणाले. "आज ऊर्जा फार खर्च झाली, एवढंच."

खाली यंत्राच्या खोलीत ते झोपले. रेघा जुळल्या, पोरगी पळाली, दरवाजा लागला. यंत्राचं डोकं वर गेलं आणि बाजूनं उतरू लागलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात पावलावर बाईंचा तो हात ठेवला. पाय सुरुवातीला चुळबुळला. हलू नकोस, मास्तरांनी त्याला बजावलं, झोपलीये ती. यंत्र घरघरत भोवतीनं फिरलं, थांबलं, परत फिरलं.

"काका, झालं," स्पीकर म्हणाला.

"काय झालं? पुन्हा हललो?"

"नाही, झालं! पूर्ण झालं. एकदाही हलला नाहीत!"

मास्तर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिले. जिवात जीव आला. मग त्यांना शौचालयाची आठवण झाली.

आता हॉस्पिटलात ऊर्जेचा डंका पिटला गेला. डॉक्टर आपल्या हळू आवाजात ही गोष्ट दुसऱ्या डॉक्टरांना सांगू लागले. विसावा कक्षाच्या दारावर कोणीतरी फुलांचा कागद चिकटवला. लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसानं मास्तरांना विचारलं, "तुम्हाला नेमकं काय जाणवतं हो? प्रकाश दिसतो का?"

"घोरणं ऐकू येतं," मास्तर म्हणाले, आणि तो माणूस ते काहीतरी गूढ उत्तर असावं अशा चेहऱ्यानं विचारात पडला.

खरं सांगायची सोयच नव्हती. उपचार करणारी झोपली म्हणून पेशंटला गुण आला, हे सांगून बाईंची जागा घालवायची? त्यामुळे मास्तरांनी आपली वेगळी पद्धत बसवली. रोज वर गेलं की ते आधी दाराला आतून कडी घालत, हीटर लावत आणि स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची टेबलाच्या पायथ्याशी ओढत.

"हे बरोबर नाही," बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. "मी इथे तुमच्यासाठी येते."

"माझ्यासाठीच तर सांगतोय. बसा. हात इथे. आणि आता गप्प पडा."

बाई बसल्या, थोडा वेळ ताठ राहिल्या, आणि मग नातीनं रात्रभर जागवलेल्या आजीचं जे होतं ते झालं. त्या खोलीत नेमका कोणावर उपचार चालला होता, हे दारावरच्या फुलांच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मास्तर आपले पडून राहत. त्यांचा ऊर्जेवर तेव्हाही विश्वास नव्हता, पुढेही बसला नाही. पाय मात्र एकदाही गेला नाही.

शेवटच्या दिवशी टेक्निशियन पोरीनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी तपासण्या पुढे होतच राहतील, पण ठरलेला सगळा उपचार ठरल्याप्रमाणे झाला, असं सांगितलं. ऊर्जाबाईंनी निरोप घेताना विचारलं, "आता पुढच्या पेशंटला काय सांगू?"

"काही सांगू नका," मास्तर म्हणाले. "आणि झरा तेवढा लावू नका."

लेक पार्किंगमध्ये गाडी घेऊन उभी होती. तिनं काही विचारलं नाही. फक्त त्यांच्या अंगावर पट्टा लावून दिला आणि तो लावताना तिचा हात त्यांच्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला. गाडी निघाली. सिग्नल आला. पाय सवयीनं जागा झाला. मास्तरांनी सीटला मान टेकवली, डोळे मिटले आणि पावलावर तो हात आणून ठेवला. आता हे त्यांना कुठेही जमायचं.

थोड्या वेळानं रेडिओ बंद झाल्याचं त्यांना जाणवलं. मग गिअर अगदी अलगद पडला. पुढे तो भला दांडगा गतिरोधक होता. त्याच्यावर लेक रोज आदळायची आणि तिथे रोज भांडण व्हायचं. मास्तरांनी दात आवळले. गाडी त्याच्यावरून अशी गेली, की गेली हे त्यांना पलीकडे गेल्यावर कळलं. मी झोपलोय असं हिला वाटतंय, ते मनात म्हणाले. आता डोळे उघडून 'वा' म्हणावं, असंही एकदा मनात आलं.

गाडी त्यांच्या गल्लीत वळली. मिटल्या डोळ्यांनीही मास्तरांना प्रत्येक वळण पाठ होतं. कोपऱ्यावरचं दुकान, उखडलेला रस्ता, घराचं फाटक. वेग कमी झाला. आता थांबणार.

गाडी थांबली नाही.

ती फाटकावरून हळूच पुढे गेली, टोकापर्यंत गेली आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत यायला लागली. ही गोष्ट हिला आईनं सांगितली होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, शंभरदा. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून तसं चालवणं वेगळं. मास्तरांना रडू येत होतं. ते येऊ न देण्याचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही, फक्त तोंड खिडकीकडे वळवलं, झोपेत माणूस कूस बदलतो तसं.

घर पुन्हा आलं आणि पुन्हा मागे पडलं. टाकीच्या वळणावर तिनं इंडिकेटर दिला नाही. ती टिकटिक आली नाही, हे मास्तरांच्या कानांनी बरोबर टिपलं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. त्यांना बाथरूमलाही लागली होती, चांगलीच लागली होती. पण इतक्या आठवड्यांत तेवढा सराव झाला होता. आणखी एखादी फेरी आरामात निघाली असती. मास्तरांनी पाय सैल सोडला आणि तिला चालवू दिलं.